मॉलीच्या तोंडाशी आणि पाठीवर पांढरं पडलंय. हिटर वाढवू की उतरवू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. जरा घाईतच विचारतोय. माशांच्या टाकीतली एक मॉली आजारी आहे आणि मिळणारे सल्ले एकमेकांच्या उलट आहेत.

टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. रेती आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साठ लिटरच्या आसपास. वर्षभर छान चालू आहे. आठ निऑन टेट्रा, तळाशी फिरणारे पाच कोरी मासे, एक नर ड्वॉर्फ गुरामी, आणि गेल्या रविवारी आणलेल्या तीन काळ्या मॉली. काठाला लटकणारा एक फिल्टर आणि कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर. हिटर २६ वर. झाडं म्हणजे जावा फर्न आणि थोडं व्हॅलिसनेरिया.

मॉली आल्या तेव्हा टुणटुणीत होत्या. मग एकीच्या खालच्या ओठावर पांढरी कड दिसली. काचेवरचं शेवाळ खाताना घासलं असेल असं वाटलं. काल संध्याकाळी पाठीवरच्या पराच्या बुडाशी करडा-पांढरा डाग होता, नखाएवढा. आज सकाळी तोच डाग पाठीवरून दोन्ही कुशींवर उतरलाय. पर मिटून घेतलेत, एका जागी डुलत राहते, खाण्याकडे बघतही नाही. दुसऱ्या मॉलीच्या शेपटीच्या टोकाला पांढरट कड आहे. तिसरी ठीक दिसते. जुन्यांपैकी एक निऑन कळप सोडून फिल्टरमागे उभा आहे, पण त्याच्या अंगावर काही दिसत नाही.

दुकानदार म्हणाले, पांढरं म्हणजे व्हाईट स्पॉट. हिटर ३० वर न्या, हे निळं औषध आणि ही पिवळी पावडर टाकीतच टाका. शेजारचे काका म्हणतात मूठभर मीठ टाक, दुसरं काही नको. अजून मी काहीच टाकलेलं नाही.

पाणी महापालिकेचं. पावसाळ्यामुळे नळाला टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीचा, वास जोरात येतो, पण मी अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय वापरत नाही. परवा रात्री पावसात वीज गेली ती पहाटे आली, तेवढा वेळ फिल्टर बंद होता. अमोनियाचं किट आज संध्याकाळी मिळेल.

तर, हिटर वाढवू का? औषध सगळ्या टाकीत घालायचं की मॉली बाहेर काढायची? आणि कोरींना मीठ सोसतं का? फोटो टाकलाय, काचेतून काढल्यामुळे थोडा हलला आहे.

गप्पी७१ (डोंबिवली)

व्हाईट स्पॉटच. पावसाळ्यात पाणी गार पडलं की हमखास येतो. आमच्याकडे दर जुलैत कुणाच्या ना कुणाच्या टाकीत असतोच. हिटर ३० वर ठेवा, एअर पंप जोरात, लाईट बंद, आठवडाभरात टाकी साफ होते. मीठही चालेल. निळं औषध झाडांना जरा त्रास देतं, पण मासे वाचणं महत्त्वाचं.

पाणशेवाळ (कोल्हापूर)

कृष्णाकाठ, हिटर वाढवू नका. आधी एवढंच करा आणि मग पुढचं वाचा.

फोटो मोठा करून पाहिला. व्हाईट स्पॉटचे दाणे असतात, एकेक सुटा, मिठाच्या कणाएवढा, मोजता येण्यासारखा. परांवर अगदी स्पष्ट दिसतात. तुमच्या मॉलीच्या अंगावर दाणा एकही नाही. आहे तो सपाट डाग, ओठावर एक आणि पाठीवर खोगिरासारखा दोन्ही बाजूंना उतरलेला, कडेला किंचित पिवळट. शिवाय एका रात्रीत पसरलाय. ही सगळी लक्षणं कॉलमनारिसची आहेत. तो जिवाणूचा आजार आहे. पुष्कळ लोक त्याला तोंडाची बुरशी म्हणतात आणि बुरशीचं औषध घालत बसतात. खरी बुरशी कापसाच्या बोळ्यासारखी लांब तंतूंची असते, बहुधा आधीच्या जखमेवर धरते आणि इतक्या झपाट्याने पसरत नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झाले. घरात एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि टाकीतल्या माशावर शंका आली की मी आधी स्लाईड करते. मासा ओल्या जाळीत धरून कव्हरस्लिपची कड त्याच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हलकी ओढायची. खवल्यांच्या उलट दिशेने कधीच नाही. कडेवर आलेला चिकट पदार्थ टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवायचा. व्हाईट स्पॉट असेल तर दहाच्या लेन्सखाली मोठा, केसाळ, गोल जीव संथपणे लोळताना दिसतो आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. कॉलमनारिसला चाळीसच्या लेन्सवर जावं लागतं. लांब, बारीक काड्या वाकत-सरकत चाललेल्या असतात, आणि स्लाईड थोडा वेळ तशीच ठेवली तर त्या एकमेकींवर चढून शेतातल्या गवताच्या गंजीसारखे ढीग रचतात. पॅथॉलॉजीत इतकी वर्षं काढून मी इतका नेमका पुरावा फार कमी वेळा पाहिलाय. तुमच्याकडे मायक्रोस्कोप नसेल तर खोलीत अंधार करून टॉर्च टाकीवर तिरका मारा. सुटे दाणे, सपाट डाग, किंवा सोनेरी धुळीसारखा थर, तिन्ही वेगवेगळे दिसतात. सोनेरी धूळ म्हणजे व्हेल्व्हेट, तो अजून तिसराच आजार.

आता हिटर. व्हाईट स्पॉटमध्ये उष्णतेचा उपयोग होतो, गप्पी७१ यांचा अनुभव त्या आजाराला लागू आहे. कॉलमनारिसचं उलट आहे. पाणी जितकं ऊबदार तितका हा जिवाणू जोर धरतो आणि ३० अंशांना मासा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, २५ अंशांना लिटरला ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० ला साडेसात. हा जंतू कल्ल्यांतही शिरतो. कल्ले खराब झालेल्या माशाला नेमका त्याच वेळी कमी प्राणवायू मिळतो. म्हणून हिटर २४ वर आणा, पण एकदम नाही, हळूहळू दिवसभरात. सांगलीत या दिवसांत खोलीच तेवढी गार असते, कदाचित हिटर बंद ठेवूनही भागेल.

मॉली बाहेर काढा, तिन्ही. चांगली दिसते तीसुद्धा, कारण ती त्याच पिशवीतून आली आहे. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, साबण कधी न लागलेला. पाणी टाकीतलंच घ्या. स्पंज फिल्टर टाकीतून काढून टबात लावा, त्यात अमोनिया खाणारे जिवाणू तयार आहेत. वरून जाळीचं कापड बांधा, मॉली उडी मारते. रेती नको, झाड नको. लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा पुरे.

टबात मीठ घाला. मॉली मचूळ पाण्यातही राहणारा मासा आहे, लिटरला दोन ग्रॅम तिला सहज सोसतं. वीस लिटरला चाळीस ग्रॅम. साधं जाडं मीठ चालेल, पण मूठ आणि चमचा यांवर जाऊ नका, काट्यावर तोला. पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसभरात तीन भागांत ओता. मिठामुळे जखमेतून शरीरातले क्षार झिरपून जायचा ताण कमी होतो आणि या जिवाणूला अंगाला चिकटणंही अवघड जातं. पण मीठ म्हणजे इलाज पूर्ण झाला असं नाही. मुख्य टाकीत मीठ नको. कोरी आणि निऑन दोघेही मऊ, क्षार कमी असलेल्या पाण्यातले मासे.

निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असणार. ते मुख्य टाकीत अजिबात नको. फिल्टरमधले चांगले जिवाणू त्याने मरतात, काचेच्या सांध्याचं सिलिकॉन कायमचं निळं होतं आणि कॉलमनारिसला त्याचा फारसा उपयोग नाही. पिवळ्या पावडरीच्या पुडीवर काय छापलंय ते लिहा.

संध्याकाळी अमोनिया, नायट्राईट आणि पीएच मोजून सांगा. माझा संशय तिथे आहे. तीन नवे मासे आणि त्यात रात्रभर बंद फिल्टर. पाणी बंद फिल्टरमध्ये तासन्‌तास साचून राहिलं की त्यातले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात आणि पहाटे वीज आली की ती सगळी घाण टाकीत येते. कॉलमनारिसचा जिवाणू पुष्कळ टाक्यांत आधीपासून असतोच. ताण आला की तो डोकं वर काढतो.

आणि हो, पाणी काढायची नळी तोंडाने ओढून सुरू करू नका, हाताला चीर असेल तर हातमोजा घाला. माशांच्या पाण्यातला एक क्षयरोगाच्या जातीचा जिवाणू माणसाच्या त्वचेत गाठी करतो आणि त्या महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत.

कृष्णाकाठ (सांगली)

काकू, खूप आभार. दुपारीच टब लावला. हिटर काढून टाकला, पाणी २५ वर आलंय.

किट मिळालं. अमोनिया ०.५, नायट्राईट शून्य, पीएच ८. पिवळ्या पुडीवर माशाचं चित्र आहे, बाकी काहीही छापलेलं नाही. नाव नाही, मात्रा नाही, तारीख नाही.

पहिली मॉली टबाच्या तळाशी आडवी होते, मग परत उठते. श्वास फार जोरात चाललाय. दुसरीच्या शेपटीची कड सकाळपेक्षा थोडी वाढली आहे. मुख्य टाकीचं काय करू?

पाणशेवाळ (कोल्हापूर)

मुख्य टाकीचं पाणी आज तिसरा हिस्सा बदला, उद्या पुन्हा तेवढंच. ०.५ हा आकडा छोटा वाटतो, पण पीएच ८ आहे हे लक्षात घ्या. अमोनियाचा विषारी भाग पीएच वाढला की झपाट्याने वाढतो. पीएच ७ ला तो एक टक्क्याहूनही कमी असतो, ८ ला २५ अंशांत पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तुमच्या पाण्यात ०.०२५ च्या आसपास मुक्त अमोनिया आहे आणि कल्ल्यांना त्रास व्हायला तेवढा पुरतो. तो निऑन फिल्टरमागे उभा आहे तो बहुधा यामुळेच. दोन दिवस मुख्य टाकीत खाणं घालू नका. निरोगी माशाला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही आणि खाल्लं नाही तर अमोनियाही तयार होत नाही.

बदलाचं पाणी बादलीत घेऊन अँटीक्लोरीन आधी बादलीत टाका, मग टाकीत ओता. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ असतं तेव्हा टीसीएल जास्त टाकतात, म्हणून बाटलीवरच्या मात्रेने वास गेला नाही तर थोडं वाढवा. रेतीवरचा गाळ नळीने ओढून घ्या.

लटकत्या फिल्टरमध्ये काळ्या कोळशाची पिशवी असेल तर तिथे राहू द्या, टाकीत आपण औषध घालत नाही. टबात मात्र कोळसा नको, औषध शोषून घेईल.

नाव नसलेली पावडर माशालाही नको आणि तुमच्या हातालाही नको. पहिल्या मॉलीबद्दल खरं सांगायचं तर कल्ल्यांपर्यंत गेलेलं दिसतंय, ती वाचेल असं मी म्हणणार नाही. दुसरी वाचू शकते, पण तिला अँटिबायोटिक लागेल आणि ते डॉक्टरांनीच द्यायला हवं. सांगलीत पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तिथे फोटो आणि हे पाण्याचे आकडे घेऊन जा. माशासाठी आलात म्हणून संकोच करू नका. तिथून मार्ग निघाला नाही तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

खाडीकर (रत्नागिरी)

काकूंनी निदान नेमकं केलंय. औषधाबद्दल थोडं सांगतो. मी इथल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता कोळंबीच्या तळ्यांवर काम करतो.

बहुतेक ठिकाणी ऑक्सिटेट्रासायक्लिन हाताशी असतं, त्यामुळे डॉक्टर कदाचित तेच लिहून देतील. ते पाण्यात घालायला सांगितलं तर त्यांना तुमचा पीएच सांगा आणि पाणी जड आहे का तेही मोजून सांगा. हे औषध पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधलं जातं, मग माशाच्या अंगात जायला फार थोडं उरतं. उजेडातही ते विघटित होतं आणि पाणी तपकिरी होतं. म्हणून मासा खात असेल तर खाण्यातून देणं केव्हाही चांगलं. तुमची दुसरी मॉली खातेय का? खात असेल तर हीच वेळ आहे. कॉलमनारिसमध्ये खाणं बंद झालं की औषध पोटात घालायचा रस्ताच बंद होतो.

एका मॉलीचं वजन जेमतेम काही ग्रॅम. तेवढ्यासाठी औषध मोजणं घरी जमत नाही. डॉक्टरांकडून खाद्याच्या दहा ग्रॅमला किती औषध, असा हिशेब लिहून घ्या. बारीक दाण्याचं खाद्य घ्या, कोमट पाण्यात विरघळवलेल्या थोड्या जिलेटिनमध्ये औषध कालवा, खाद्यावर चोळा, ताटलीत पसरून सावलीत वाळवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. जिलेटिनमुळे औषध पाण्यात लगेच सुटत नाही. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. डाग गेला म्हणून मधेच थांबवू नका, सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा. अर्धवट कोर्सने वाचलेले जिवाणू पुढच्या वेळी त्या औषधाला जुमानत नाहीत. आमच्या तळ्यांवर त्याची किंमत आम्ही रोज पाहतो.

कुणी पोटॅशियम परमँगनेट सुचवेल. ते या जिवाणूवर चालतं, पण लिटरला दोन मिलिग्रॅम ही मात्रा रंगाच्या अंदाजाने घालायची गोष्ट नाही, आणि पीएच ८ च्या पाण्यात त्याचा गाळ कल्ल्यांवर बसतो. आधीच कल्ले दुखावलेल्या माशाला मी ते देणार नाही.

गप्पी७१ (डोंबिवली)

पाणशेवाळ काकू, मग एक विचारतो. व्हाईट स्पॉट असता तर तुम्ही मासा टबात काढला असता की सगळ्या टाकीला औषध दिलं असतं? आमच्या इथे दुकानात सगळे मासा बाहेर काढा म्हणतात.

पाणशेवाळ (कोल्हापूर)

सगळ्या टाकीला. आणि हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण टाकीला औषध की टबात औषध हे आजारावर ठरतं, आपल्या सोयीवर नाही.

व्हाईट स्पॉटचा परजीवी माशाच्या वरच्या त्वचेखाली बसतो. दाणा दिसतो तो त्याच्यावर वाढलेल्या त्वचेसकट. तिथे असताना बाहेरचं कुठलंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, रेतीत किंवा पानावर जाऊन कवच करून बसतो आणि आत फुटत फुटत शेकडो पिल्लं तयार करतो. ती पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध चालतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे आजारी मासा बाहेर काढला तरी टाकीच्या तळाशी शेकडो पिल्लं बाकीच्यांसाठी वाट पाहत असतात. दाणे गळून पडले की लोकांना वाटतं मासा बरा झाला, औषध थांबवतात, आणि काही दिवसांनी आधीच्या दसपट दाणे उठतात.

उष्णतेचं काम इथे आहे. २५ अंशांना हे सगळं चक्र साधारण आठवड्याभरात फिरतं, १० अंशांना महिन्याहून जास्त लागतो. पाणी ऊबदार केलं की परजीवी लवकर मासा सोडतो, लवकर फुटतो आणि लवकर औषधाच्या तावडीत येतो. त्यासोबत रोज रेती उपसून घ्यायची आणि शेवटचा दाणा गेल्यावरही आणखी एखादा आठवडा औषध चालू ठेवायचं. मॅलाकाईट ग्रीनची औषधं असतील तर निऑन आणि लोच जातीच्या माशांसाठी अर्धी मात्रा, हे त्यांना फार लागतं. तांब्याची औषधं गोगलगाय आणि कोळंबी असलेल्या टाकीत नकोतच. टाकीत औषध असेल तर कोळसा काढून ठेवायचा, एअर पंप वाढवायचा.

कॉलमनारिसमध्ये मात्र जिवाणू जखमेवर आणि कल्ल्यांत असतो, आजारी माशाच्या अंगातून तो पाण्यात सतत सुटत राहतो. म्हणून मासा बाहेर. मुख्य टाकीत उपाय म्हणजे गार, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी. दोन्ही आजारांत दिसणारं लक्षण पांढरं, आणि इलाज एकमेकांच्या विरुद्ध. त्यामुळेच दुकानात माशाकडे न बघता "पांढरं आहे का? मग हे घ्या" असं ऐकलं की मला फार वाईट वाटतं. मासा हाही प्राणी आहे, त्याला तपासल्याशिवाय औषध का द्यायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

पहिली मॉली त्या रात्रीच गेली.

दुसरी खात होती. डॉक्टरांनी फोटो नीट पाहिला, पाण्याचे आकडे लिहून घेतले आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनच दिलं. खाडीकरांनी सांगितलं तसा खाद्यामागचा हिशेब मागितला, तो त्यांनी करून दिला. जिलेटिनचं खाद्य तिला आधी आवडेना, तोंडात घेऊन थुंकायची. लसणाचा एक थेंब रस चोळल्यावर खायला लागली.

टबाचं अर्धं पाणी रोज बदलतोय, बदललेल्या पाण्यापुरतं मीठ तोलून परत घालतो. शेपटीची पांढरी कड वाढायची थांबली, मग तेवढा तुकडा गळून पडला. मी घाबरलो होतो, पण आता तिथे काचेसारखी पारदर्शक कड येतेय. ओठाला आधी काही नव्हतं, आताही नाही. तिसरीला शेवटपर्यंत काहीच झालं नाही.

मुख्य टाकीत अमोनिया आता शून्य दाखवतो. निऑन कळपात परतलाय. कोरी तळाशी पहिल्यासारख्या फिरतात, त्यांना काही कळलंही नसावं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मॉली परत टाकीत कधी सोडू? आणि मेलेली मॉली मी घरामागे पुरली. शेजारचे काका म्हणत होते कृष्णेत सोडायची, पाण्याचं पाण्याला. पुरलं ते बरोबर ना?

पाणशेवाळ (कोल्हापूर)

पुरलंत ते अगदी बरोबर. आजाराने मेलेला मासा किंवा टाकीतलं पाणी, काहीच नदीत जाऊ नये. जिवंत मासा तर नाहीच. काचा खातो म्हणून हौसेने आणलेला सकर मासा फूटभर झाला की लोक तळ्यात सोडतात, आणि मग मासेमारांच्या जाळ्यात खाण्याजोग्या माशांऐवजी तेच काटेरी सकर येतात. टबाचं मिठाचं पाणी झाडांनाही घालू नका, न्हाणीत ओता.

मॉली औषधाचे सगळे दिवस संपेपर्यंत टबातच ठेवा. त्यानंतर औषध नसलेलं साधं खाद्य देत आणखी दोन आठवडे तिथेच. त्या काळात मीठ घालायचं थांबवा, रोजच्या पाणीबदलात ते आपोआप उतरत जाईल आणि मुख्य टाकीच्या पाण्याची तिला सवय होईल. दोन आठवड्यांत पर मिटले नाहीत, नवी कड दिसली नाही, खाणं नीट राहिलं, तर सोडा. तिसरीलाही हाच नियम, तिच्या अंगात जंतू नाहीत असं आपण धरून चालू शकत नाही.

स्पंज फिल्टर मुख्य टाकीत परत नेऊ नका. तो आणि टबाची जाळी पातळ ब्लीचमध्ये बुडवून धुवा, अँटीक्लोरीनच्या पाण्यातून काढा आणि कडकडीत उन्हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली चांगले दोन-तीन दिवस. टबासाठी एक जाळी, एक मग आणि एक नळी कायमची वेगळी करा, लाल दोरा बांधून ठेवलात तर घरातलं कुणी चुकून टाकीत घालणार नाही.

मॉलींबद्दल आणखी एक. तुमचं पाणी पीएच ८ चं आहे, ते मॉलीला मानवतं. निऑनना तितकं नाही, पण तुमचे वर्षभर रुळलेत, त्यांच्यासाठी पाण्यात आता काही फेरफार करू नका. पीएच उतरवायची औषधं तर नकोतच. स्थिर ८ हा वर-खाली होणाऱ्या ७ पेक्षा कितीतरी बरा.

खाडीकर (रत्नागिरी)

लसणाची युक्ती मस्त. उरलेलं औषधी खाद्य कोर्स संपल्यावर टाकून द्या, फ्रिजमध्ये पुढच्या आजारासाठी ठेवू नका. आणि वीज जाते त्या रात्रींसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या, फार महाग नसतो. वीज गेली की त्याची नळी स्पंज फिल्टरला जोडायची. स्पंजमधून हवा चालत राहिली की त्यातले जिवाणू जगतात. लटकता फिल्टर मात्र बराच वेळ बंद राहिला असेल तर वीज आल्यावर आधी उघडून त्यातलं साचलेलं पाणी ओतून द्या, टाकीच्याच पाण्यात त्याचा स्पंज हलवून घ्या, मगच चालू करा.

कृष्णाकाठ (सांगली)

पंप आज मागवतो. स्पंज फिल्टरही नवा एक आणून आत्ताच मुख्य टाकीत चालवायला ठेवतो, म्हणजे मॉली परत येईपर्यंत त्यात जिवाणू तयार होतील. काकू, खाडीकर, मनापासून आभार. गप्पी७१, तुमच्या प्रश्नामुळे व्हाईट स्पॉटचंही नीट समजलं.

गप्पी७१ (डोंबिवली)

माझ्या टाकीत गेल्या आठवड्यात आलेल्या प्लॅटी आहेत. आज रात्री खोलीत अंधार करून टॉर्च मारून बघतो. काही दिसलं तर फोटो इथेच टाकतो. हिटरला तोवर हात लावणार नाही.